एक कप, एक कप, एक कप

अमेरिकेतल्या जॉर्जियात कोणालाही पीच कॉबलरची, म्हणजे फळं आणि पीठ एकत्र भाजून केलेल्या इथल्या गोड पदार्थाची, कृती विचारा, लिहून घे असं कोणी म्हणत नाही. एक कप मैदा, एक कप साखर, एक कप दूध, लोण्याची एक कांडी आणि पीच. लोणी वितळवायचं, त्यावर पीठ ओतायचं, वर फळं टाकायची आणि भांडं ओव्हनमध्ये सारायचं. पेट्रोल पंपावर गाडीची टाकी भरेपर्यंत सांगून होतं. मला ही कृती पहिल्यांदा सांगितली ती किराणा दुकानाच्या रांगेत पुढे उभ्या असलेल्या एका बाईंनी, तीही मी न विचारता, माझ्या ट्रॉलीतली पीचची पिशवी बघून. अमेरिकेच्या दक्षिणेत अनोळखी माणसाशी बोलायला एवढं निमित्त पुरतं.

मैदा साधा नको, हे त्यांनी सांगितलं नाही, कारण त्यांच्या लेखी मैदा म्हणजे तोच. इथल्या स्वयंपाकघरांत 'सेल्फ रायझिंग' मैद्याची पिशवी असते, त्यात बेकिंग पावडर आणि मीठ आधीच मिसळलेलं. जुन्या बायकांचं ज्याच्यावाचून पान हलत नाही तो 'व्हाइट लिली' मैदा मऊ जातीच्या हिवाळी गव्हाचा असतो. त्यात प्रथिनं कमी, म्हणून त्याचं काहीही केलं तरी चिवट होत नाही. आपल्याकडचा मैदा असेल तर एका कपाला दीड चमचा बेकिंग पावडर आणि पाव चमचा मीठ घालावं. कप म्हणजे इथला, साधारण २४० मिलिलिटरचा. त्या मापाने मैदा १२५ ग्रॅम आणि साखर २०० ग्रॅम भरते. लोण्याची कांडी ११३ ग्रॅमची. साखर मी पाऊण कपच घेते. लोण्याला मात्र हात लावत नाही. तो आकडा वाचून ज्यांचे डोळे पांढरे झाले असतील त्यांनी भांडं मोठं घ्यावं आणि माणसं जास्त बोलवावीत.

आता करायचं कसं, ते जरा सविस्तर सांगते, कारण गंमत सगळी तिथे आहे.

लोणी काचेच्या पसरट भांड्यात टाकून भांडं ओव्हनमध्ये ठेवायचं आणि ओव्हन ३५० फॅरनहाइटला, म्हणजे १७५ सेल्सियसच्या आसपास, तापत लावायचा. ओव्हन तापतो तोवर लोणी वितळतं. थोडा उशीर झाला तर कडेने तांबूस होतं आणि खमंग वास सुटतो, तो सुटलेला बराच. तेवढ्यात पाच-सहा पीच सोलून फोडी करायच्या. साल निघत नसेल तर फळं अर्धा मिनिट उकळत्या पाण्यात आणि लगेच बर्फाच्या पाण्यात टाकायची, मग अंगठ्याने सरकवली तरी निघते. फोडींमध्ये वाटणीतली थोडी साखर, अर्ध्या लिंबाचा रस आणि चिमूटभर मीठ घालून दोन-तीन मिनिटं गॅसवर ठेवायचं, रस सुटेपर्यंत. इथे बहुतेक लोक दालचिनी घालतात. मी जायफळ किसते आणि दालचिनीला हात लावत नाही. दालचिनी घातली की सगळ्या फळांची चव एकच होते, असं माझं मत आहे. ते इथे कोणालाही पटत नाही.

उरलेली साखर, मैदा आणि दूध फेटून सरसरीत पीठ करायचं आणि गरम लोण्यावर ओतायचं. लोणी लगेच कडांनी वर येतं, पिठावर त्याची तळी साचतात. काहीतरी बिघडलं असं वाटतं आणि हात शिवशिवतो. चमचा एकदाच फिरवून एकजीव करावं असा मोह होतो. करायचं नाही. त्यावर पीचच्या फोडी रसासकट पसरायच्या, तेव्हाही ढवळायचं नाही. पुढची उलथापालथ ओव्हनमध्ये आपोआप होते. बेकिंग पावडरचा वायू पिठात भरतो, हलकं झालेलं पीठ फोडींच्या फटींतून वर चढतं, जड फोडी खाली बसतात आणि कडेला साठलेलं लोणी पिठाची कड चक्क तळून काढतं. पन्नासेक मिनिटांनी बाहेर येतं ते मध्ये ओलसर, वरून सोनेरी, कडेला खरपूस, आणि जिथे रस उतू जाऊन काचेला लागला असेल तिथे चिकट, करपायच्या बेतात आलेलं. ढवळलं असतं तर लोणी पिठात जिरलं असतं आणि बरा केक झाला असता. पण कड गेली असती. आमच्या घरात कडेवरून भांडणं होतात, म्हणून मी चौकोनी भांडं वापरते. निदान चार कोपरे मिळतात.

बाहेर काढल्यावर अर्धा तास त्याच्याकडे बघायचंही नाही. गरम असताना रस पाण्यासारखा पळतो, निवला की आळून येतो. मग वाडग्यात घेऊन वर व्हॅनिला आइस्क्रीम.

एवढं सगळं वाचून कोणी म्हणेल, खरंच सोपं आहे. आहेच. पण ही कृती सोपी आहे ती पीच चांगलं असेल तर, आणि चांगलं पीच मिळणं बिलकूल सोपं नाही. सुपरमार्केटमध्ये वर्षभर पीचसारखं दिसणारं एक फळ मिळतं. लालबुंद असतं, कडक असतं, घरी आणून ठेवलं की मऊ होण्याऐवजी सुरकुततं, आणि कापलं की आत कोरडा, पिठूळ गर निघतो. हा फळाचा दोष नाही, शीतगृहाचा आहे. दोन ते आठ सेल्सियसच्या दरम्यान पीच बरेच दिवस राहिलं की त्याचा गर बिघडतो, आणि घरचा फ्रीज बरोबर त्याच तापमानाला चालतो. शिवाय तोडल्यावर पीच मऊ होतं, वास येतो, पण त्याची साखर वाढत नाही. झाडावर जेवढी भरली तेवढीच.

म्हणून जूनच्या मध्यापासून आम्ही रस्त्याकडेच्या मांडवांवर जातो. पीचचा हंगाम मेच्या मध्यालाच सुरू होतो, पण सुरुवातीच्या जातींचा गर बाठ्याला चिकटलेला असतो. फोडी करताना हात चिकट होतात आणि निम्मं फळ बाठ्यालाच राहतं. जूनपासून ज्या जाती येतात त्यांची दोन शकलं पिळली की बाठा सुटा निघतो. फळाच्या लाल रंगाकडे बघायचं नाही, तो उन्हाचा. देठाजवळचा खालचा रंग हिरवट आहे की पिवळा, ते बघायचं, आणि वास घ्यायचा. अटलांटाच्या दक्षिणेला फोर्ट व्हॅली, मार्शलव्हिल, मुसेला ही गावं पीचची. मुसेलाला १९३६ पासून चालू असलेलं पॅकिंग हाउस आहे. तिथे पीच पट्ट्यावरून घरंगळत जाताना बघत पीचचंच आइस्क्रीम खाता येतं. कॉबलरसाठी मी पहिल्या प्रतीची फळं घेत नाही. मागच्या बाजूला 'सेकंड्स' नावाच्या टोपल्या असतात, डागाळलेली, वाकडी, एका बाजूने चेपलेली, जास्त पिकलेली फळं, निम्म्याहून कमी भावात. कॉबलर मुळात त्यांच्यासाठीच आहे.

माझं माहेर रत्नागिरीजवळचं, त्यामुळे हे गणित मला कोणी शिकवायला नको होतं. आमरसाची कृती काय असते? आंबा पिळा. पण रायवळ पिळून हापूसचा रस होत नाही, आणि हापूस झाडाला धरेपर्यंत बागायतदाराने काय काय सोसलं ते वाटीत दिसत नाही. डिसेंबरात रात्री गार पडल्या नाहीत की मोहोर धरत नाही, हे बोलणं मी लहानपणापासून ऐकत आले. पहाटे अंगणात उभे राहून बाबा हवेचा अंदाज घ्यायचे. फोर्ट व्हॅलीच्या मांडवावर एक म्हातारा शेतकरी तेच बोलताना ऐकला आणि मी पिशवी खाली ठेवून उभीच राहिले.

तो बोलत होता थंडीच्या तासांबद्दल. पीचच्या झाडाला हिवाळ्याची झोप पुरी व्हावी लागते. पारा सात सेल्सियसच्या खाली असेल असे तास मोजतात, आणि मध्य जॉर्जियातल्या बहुतेक जातींना ते साधारण साडेसहाशे ते साडेआठशे लागतात. तास पुरे पडले नाहीत तर फुलं उशिरा, विरळ, वेडीवाकडी येतात. आणि हिवाळा मध्येच उबदार झाला तर झाड लवकर फुलतं आणि मार्चमधल्या एखाद्या कडाक्याच्या रात्री सगळी फुलं जळतात. दोन्ही बाजूंनी मार. २०१७ मध्ये जॉर्जियाचं ऐंशी टक्क्यांच्या आसपास पीक गेलं. २०२३ मध्ये तर नव्वद टक्क्यांहून जास्त. त्या उन्हाळ्यात आमच्या नेहमीच्या मांडवावर कॅलिफोर्नियाचे खोके होते आणि विकणाऱ्या मुलाला ते सांगताना लाज वाटत होती. बायरन गावात केंद्र सरकारचं फळसंशोधन केंद्र आहे. तिथे निघालेल्या जातींची नावं जूनप्रिन्स, जुलैप्रिन्स, ऑगस्टप्रिन्स अशी आहेत. राजपुत्र महिन्यांच्या हिशेबाने पाळीपाळीने गादीवर यावेत अशी ही व्यवस्था. पण थंडी चुकली की सगळ्यांचाच हंगाम बुडतो.

तरीही जॉर्जियाचा पीचबद्दलचा अभिमान पिकाच्या आकड्यांना भीक घालत नाही. गाड्यांच्या नंबरपाट्यांवर पीच, १९९९ च्या पाव डॉलरच्या नाण्यावर पीच, मत देऊन आल्यावर छातीला लावायच्या स्टिकरवर पीच. अटलांटात पीचट्री नावाचे रस्ते इतके आहेत की पत्ता सांगणाऱ्याला कुठलं पीचट्री ते आधी विचारावं लागतं. प्रत्यक्षात पीच सगळ्यात जास्त पिकतं कॅलिफोर्नियात, आणि शेजारचं साउथ कॅरोलायनाही जॉर्जियाच्या पुढे आहे. तिथल्या गॅफनी गावाने १९८१ मध्ये महामार्गाच्या कडेला दहा लाख गॅलनची पाण्याची टाकीच पीचच्या आकाराची बांधली. पुढून आदरणीय, एका विशिष्ट बाजूने बघितली तर अश्लील. त्या वळणावर गाडीतली मुलं हमखास खिदळतात आणि मोठी माणसं खिडकीबाहेर दुसरीकडे बघतात.

फळ इथलं नाहीच. मूळ चीनचं. सोळाव्या शतकात स्पॅनिश लोकांबरोबर फ्लोरिडाच्या किनाऱ्यावर आलं, आणि मग इथल्या मूळच्या लोकांनी ते इतकं आपलंसं केलं की पुढे आत शिरलेल्या इंग्रजांना गावोगावी पीचच्या बागा लागल्या आणि हे झाड इथलंच आहे असं अनेकांनी मानलं. त्या लोकांना इथून हाकलल्यावर बागा राहिल्या. यादवी युद्धानंतर मार्शलव्हिलच्या सॅम्युएल रम्फने नवी जात वाढवली, मोठी, पिवळ्या गराची, बाठा सुटा होणारी आणि प्रवासाला टिकणारी. बायकोच्या नावावरून तिला एल्बर्टा म्हटलं. मग बर्फ घातलेल्या पेट्यांतून आगगाडीने न्यूयॉर्कला माल जायला लागला आणि जॉर्जियाचं नाव झालं. ही गोष्ट इथे आवडीने सांगतात. त्यातला कमी सांगितला जाणारा भाग असा की पीच तोडायला एकाच वेळी खूप हात लागतात आणि ते स्वस्त हात हजर होते. कापसाच्या शेतांवर राबणाऱ्या काळ्या माणसांना जून-जुलैत कापसाचं काम कमी असे, बरोबर तेव्हा पीच तयार होई. आज बागांतून तोडणी करतात ती मुख्यतः मेक्सिकोहून हंगामी व्हिसावर आलेली माणसं. पीच हाताने तोडावं लागतं, एकाच झाडावर अनेकदा फिरून, पिकेल तसं. यंत्राने चेपतं.

हे सगळं मला पुस्तकातून कळलं असतं तर कळलंही असतं आणि मागेही पडलं असतं. कळलं ते शेजारच्या आजींमुळे. वय ऐंशीच्या पुढे, रविवारी टोपी घालून चर्चला जाणाऱ्या. त्या आमच्या बाजूला राहायला आल्यावर मी रीतीप्रमाणे कॉबलरचं भांडं घेऊन गेले. त्यांनी झाकण उघडलं, वास घेतला.

"हे काय आहे, बेबी?"

"पीच कॉबलर, मॅम."

चमच्याने कोपरा उचलून त्यांनी खाल्ला. बराच वेळ चावला.

"केक आहे," त्या म्हणाल्या. "चांगला केक आहे. उद्या ये, तुला कॉबलर दाखवते."

त्यांचं कॉबलर म्हणजे दोन थरांचं. लोणी चोळून केलेल्या पारीच्या पट्ट्या आधी उकळत्या पीचच्या रसात सोडायच्या, त्या शिजून मऊ पडतात. मग वरून दुसऱ्या पट्ट्यांची जाळी, ती ओव्हनमध्ये खुसखुशीत होते. खाली मऊ आणि वर कुरकुरीत. पातळ पीठ ओतायची माझी तऱ्हा त्यांच्या मते आळशी माणसांनी काढलेली. तिसरा पंथ फळांवर बिस्किटाच्या (इथलं बिस्किट म्हणजे मऊ, फुगलेला छोटा पाव) पिठाचे गोळे ठेवणाऱ्यांचा, त्याबद्दल तर त्या बोलायलाही तयार नव्हत्या. हे वाद इथे गंभीरपणे चालतात. मूळ पदार्थ चुलीवरच्या काळातला. ओव्हन नसायचे, पायांच्या जड बिडाच्या भांड्यात फळं घालून वर कणीक पसरायची आणि झाकणावरही निखारे ठेवायचे. दक्षिणेत ते निखारे मागेपुढे करणारे हात बहुतेक वेळा गुलाम बायकांचे होते. कप न मोजता अंदाजाने करायची रीतही त्यांचीच. आजींकडे मापाचा कप नव्हताच, दांडा तुटलेला एक चहाचा पेला होता.

त्या दिवशी पीच मी सोलले. त्यांनी फळाला हात लावला नाही. रबरी हातमोजे घालून मला फोडी कशा हव्यात ते बोटाने दाखवत राहिल्या. मी विचारलं तेव्हा म्हणाल्या, लहानपणी आईबरोबर पॅकिंगच्या शेडमध्ये जायचे. पीचची लव हवेत उडते, घामाला चिकटते, मानेत, कोपरात, पापण्यांत जाते. रात्री आंघोळ करूनही खाज जात नाही. "सगळ्यांना पीचचा वास आला की उन्हाळा आठवतो. माझी मान खाजते." कच्चं पीच त्या खातच नाहीत. कॉबलर खातात, कारण शिजवलं की लव संपते. आणि तेही बिघडलेल्या फळांचं, कारण शेडमधून घरी न्यायला तीच मिळायची.

त्यांच्या चर्चमधलं कोणी वारलं की अंत्यविधीनंतर सगळे एकत्र जेवतात, त्या जेवणाला ॲल्युमिनियमच्या खोल ट्रेमध्ये कॉबलर असतंच. मी गेले होते एकदा. लांब टेबलावर ओळीने ट्रे मांडलेले होते आणि कोणाचा कोणता ते बायका झाकण न उघडता ओळखत होत्या. कोणाच्या ट्रेला आधी चमचा लागला याची नोंद शोकातही ठेवली जात होती.

१३ एप्रिल हा अमेरिकेत कॉबलरचा दिवस मानतात. एप्रिलमध्ये झाडावर बोराएवढीही फळं नसतात. डब्यातले पीच विकायला हा दिवस काढला असं इथे सांगतात, आणि तारीख बघता खोटं वाटत नाही. डब्यातल्या पीचचं कॉबलर होतं, गोड होतं, पण मला ते नको. मी जुलैत सेकंड्सची एक टोपली जास्त आणते, फोडी करून लिंबाचा रस लावते, म्हणजे काळ्या पडत नाहीत, ताटात सुट्या गोठवते आणि मग पिशवीत भरते. हिवाळ्यात त्यांचं कॉबलर करताना गॅसवर थोडा जास्त वेळ ठेवायचं, पाणी आटलं पाहिजे.

मागच्या मे महिन्यात पुण्याहून मावसबहिणीचा फोन आला. मंडईत हिमाचलचे पीच आले होते आणि तिने हौसेने किलोभर आणले होते, आता करायचं काय?

"कडक आहेत गं, आणि आंबट. तुझ्या फोटोतल्यासारखे अजिबात नाहीत."

"असू देत. कागदात गुंडाळून दोन दिवस ओट्यावर ठेव. फ्रीजमध्ये नको. बाठा सुटणार नाही, सुरीने काप. साखर पूर्ण कप घे."

"ओव्हन कुठला? ओटीजी आहे, छोटा."

"चालेल. भांडं लहान घे, सगळं निम्मं कर. वरचा कॉइल बंद ठेव पहिला अर्धा तास."

ती लिहून घेत होती, मला पेनचा आवाज येत होता. मग म्हणाली, "ताई, यापेक्षा आंब्याचं करू का? घरात पेटी आलीये."

"कुठला आंबा?"

"हापूस. देवगडचा."

"हापूस ओव्हनमध्ये घालशील तर मी तुझ्याशी बोलणार नाही."

"मग?"

"तोतापुरी आण. तो शिजवला तरी फोड टिकते आणि आंबटपणाही असतो. जायफळाऐवजी वेलची घाल."

"आणि पीच?"

"पिकले तर त्याचंही कर. नाही पिकले तर मिठाच्या पाण्यात उकडून लोणचं घाल, इथेही घालतात." ते खरं आहे, दक्षिणेत व्हिनेगर, साखर आणि लवंगांत अख्खे पीच मुरवतात. पण तिने तोपर्यंत लोणच्याला मोहरी किती लागेल ते विचारायला सुरुवात केली होती.